कमिशन सोडणारा एजंट आणि नो क्लेम बोनस
गाडीचा विमा विकताना एजंटने स्वतःच्या कमिशनमधून ग्राहकाला हजार रुपये सोडले तर बिघडलं कुठे, असं काही जण विचारतात. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ नुसार ही सूट देणं आणि घेणं, दोन्हीला बंदी आहे. दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. पण मला त्याहून जास्त काळजी वाटते ती नो क्लेम बोनसची, म्हणजे वर्षभरात क्लेम (भरपाई) न घेतल्यास पुढच्या हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीची.

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता सरकार ठरवतं, तिथे एजंटला हात घालता येत नाही. म्हणून गिऱ्हाईक ओढायला तो ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्याकडे वळतो. गेल्या वर्षी क्लेम घेतलेला असतानाही फॉर्मवर 'क्लेम नाही' लिहिलं, की २० ते ५० टक्के हप्ता कमी होतो. ग्राहक खूश. पुढे गाडी ठोकली, की कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि मग क्लेम कापला जातो किंवा सरळ नाकारला जातो. खोटं एजंटने लिहिलं, पण ते जाहीर केलेलं असतं ग्राहकाच्या नावावर. ही मला सरळसरळ फसवणूक वाटते, 'मार्केटिंग' नव्हे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर विशेष जपावं. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. तो विकणाऱ्याकडेच राहतो. पॉलिसी स्वतःच्या नावावर करायला १४ दिवस मिळतात. आणि पैसे एजंटच्या खात्यात नकोत, थेट कंपनीला भरा. पॉलिसीवरचा क्यूआर कोडही स्कॅन करून बघा.