मदत हवी आहे: बोल्ट-ऑन (स्क्रूंनी नेक जोडलेल्या) गिटारला नेक-टिल्ट (नेकचा कल बदलायची सोय) बसवायचा आहे

फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) इलेक्ट्रिक गिटारच्या मापाची बॉडी, चार स्क्रूंचा नेक (मान). सॅडल (पुलावरचे तारांचे आधार) पूर्ण खाली बसवूनही अॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) उंचच राहते. सध्या पॉकेटमध्ये (नेक बसायच्या बॉडीतल्या खाचेत) पुलाकडच्या टोकाला नेकला कल देणारी ०.५ मिमीची पट्टी आहे, पण कल बदलायला दर वेळी तारा सोडून नेक काढायचा नाही. फेंडरच्या मायक्रो-टिल्टसारखं मागून चावीने फिरवता यायला हवं.

बेत असा: पुलाकडच्या दोन स्क्रूंच्या मधोमध बॉडीत एम६ (६ मिमी) इन्सर्ट (लाकडात बसणारी, आतून आट्यांची धातूची नळी), त्यात ग्रब स्क्रू (डोकं नसलेला स्क्रू), आणि नेकच्या टाचेत (पॉकेटमध्ये बसणाऱ्या टोकात) १२ मिमी व्यासाची, २ मिमी जाड स्टीलची चकती. चकती नसेल तर स्क्रूचं टोक मेपलमध्ये रुततं नि सेटिंग हलतं. एम६ चा पिच (एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर) १ मिमी, म्हणजे पाव फेऱ्यात टाच ०.२५ मिमी उचलली जाईल, तेवढी पुरे.

अडलंय ते इथे. स्क्रू नेकला वर ढकलताना इन्सर्टला मागे रेटतो, म्हणून कॉलरवाला (तोंडाशी पसरट कडा असलेला) इन्सर्ट पॉकेटच्या बाजूने बसवावा असं वाटतं. पॉकेटखाली साधारण २८ मिमी आल्डर आहे. नुसतं आवळून चालेल की इपॉक्सी हवंच? ट्रस रॉडचा (नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळईचा) नट टाचेच्या टोकाला आहे. चकतीसाठी खाच घेताना रॉडपर्यंत किती लाकूड राखावं? आणि बॉडीतली चारही भोकं स्क्रू सैल जाईल इतकी मोठी केली, तर नेक आडवा सरकेल का?