मदत हवी आहे : रील्समधलं इंग्रजी तोंडपाठ, उतारा मात्र वाचता येईना

धनकवडीत मराठी माध्यमाच्या आठवीला इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे मुलांचं हे आठवं वर्ष. रील्समधली वाक्यं घडाघडा म्हणतात, पण बालभारतीचा उतारा तिसऱ्या ओळीला अडतो. काल एकीने बोलताना ‘लिटरली’ चारदा वापरलं. तोच शब्द फळ्यावर लिहिला तर ओळखता आला नाही. फार जीव तुटतो.

वर्तमानपत्राची कात्रणं, जोडीवाचन झालं. सबटायटल लावून व्हिडिओ दाखवले, तर मुलं फक्त चित्र बघतात.

वर्गात ४८ मुलं, तास ३५ मिनिटांचा, शाळेत मोबाइल बंद, घरचा फोन रात्रीच हाती येतो.

ऐकून पाठ झालेल्या वाक्यांवरून वाचनाकडे नेणारा, निव्वळ कागदावरचा उपक्रम कुणी केलाय का? रोज किती मिनिटं दिलीत, आणि फरक कधी दिसला?