मदत हवी आहे: फोटो काढणाऱ्यांचे फोटो, स्क्रीन जळते आणि चेहरा काळा पडतो

रस्त्यावर मोबाईलने फोटो काढणाऱ्या माणसांची कृष्णधवल मालिका करतोय, सगळे फोटो त्यांच्या नकळत. नेम धरताना माणूस स्वतःला पार विसरतो: एक डोळा मिटलेला, जीभ दातांत, कोपरं बरगड्यांना चिकटलेली. तेवढंच मला टिपायचंय.

फुल फ्रेम कॅमेरा, ३५ मिमी लेन्स, एफ/८, फोकस हाताने अडीच मीटरवर लावून ठेवलेला. म्हणजे साधारण पावणेदोन ते पाच मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं, त्यामुळे फोकसची तक्रार नाही. शटर १/२५०, तेही मेकॅनिकल, आणि फाईल रॉ (सेन्सरवरची कच्ची, नंतर सुधारता येणारी).

दिवसा सगळं ठीक. अंधार पडायला लागला की चेहऱ्यावर फक्त स्क्रीनचाच उजेड उरतो. चेहऱ्याप्रमाणे एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) धरलं तर स्क्रीन पांढरीफट्ट, आणि तिच्यात काय दिसतंय हाच तर निम्मा फोटो! स्क्रीनप्रमाणे धरलं तर चेहरा काळा. नंतर कॉम्प्युटरवर सावल्या उजळ केल्या की गालांवर पट्टे आणि नॉइज (दाणेदार ठिपके). कृष्णधवल करताना निळा स्लायडर खाली ओढून पाहिला. स्क्रीन आवरते, पण चेहऱ्यावरचा उजेडही निळसरच असल्यामुळे तोही सोबत बुडतो. मास्क लावून (फोटोचा तेवढाच भाग निवडून) दोन्ही वेगळे सांभाळले तर चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो.

फ्लॅश नको, माणसाला थांबवणं नको, दोन फोटो जोडणंही नको.

अशा उजेडात तुम्ही मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) नेमकं कशावर करता, आणि स्क्रीनप्रमाणे धरलेल्या एक्स्पोजरच्या किती स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वर जाऊनही रॉमधून तिच्यातलं चित्र परत मिळतं?