मदत हवी आहे: नदीवर इलन पाइप्सची रीड कशी सांभाळू?

मंडळी, इलन पाइप्स (आयर्लंडचं बॅगपाइपसारखं वाद्य) वाजवणारं कुणी आहे का इथे? शनिवारी आयर्लंडमधल्या शॅनन नदीवर, कॅरिक-ऑन-शॅनन गावी बोटीत पायपर लोकांचं सेशन आहे आणि मलाही वाजवायला बोलावलंय. आता हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत, कोपराखालचा भाता दाबायचा, म्हणजे रीडला (आतली सूर काढणारी पत्ती) कोरडीच हवा लागते, आणि नदीवर तर सगळा दमटपणा, चँटर (बोटांनी सूर वाजवायची नळी) बेसूर झाला तर? वरच्या सप्तकासाठी चँटरचं टोक मांडीवर घट्ट दाबावं लागतं, बोट हलली की ते सुटणार का? डेकवर बसू की आत केबिनमध्ये? वाद्य आधीपासून बाहेर काढून ठेवू की ऐनवेळी? शनईवाल्यांनो, पत्ती ओली कर असं प्लीज सांगू नका, इथे ते चालत नाही 😅