विच हेझेलऐवजी पॉइनसेटिया, पण रात्रीचा अंधार हवा

हिवाळ्यात बागेत रंग हवा म्हणून विच हेझेल मागवावे, अशी सूचना एकाने केली आहे; ती मोहक असली तरी इंदूरसाठी मला पटत नाही. निष्पर्ण फांद्यांवर पिवळ्या-केशरी फितींसारख्या पाकळ्या उमलवणाऱ्या या झुडपाला दीर्घ, कडक थंडी आणि आम्लधर्मी, निचऱ्याची जमीन लागते. माळव्याची चिकण काळी माती आणि चाळिशी ओलांडणारा मे महिना त्याला सोसणारा नाही.

त्यापेक्षा पॉइनसेटिया लावावे, मात्र जागा निवडताना एक गोष्ट पाहावी: त्याची वरची पाने लाल होण्यासाठी ऑक्टोबरपासून काही आठवडे रोज रात्री बारा तासांहून अधिक अखंड अंधार मिळावा लागतो. आमच्या कुंपणालगतच्या झुडपाची रस्त्यावरील दिव्याकडची बाजू डिसेंबरातही हिरवीगार असते आणि भिंतीच्या सावलीतली बाजू मात्र लालभडक होते, इतका हा फरक ठळक आहे. म्हणून फाटकाजवळची उजेडाची जागा टाळून ते परसदारी लावावे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी छाटणी करताना त्याचा पांढरा चीक डोळ्यांत जाणार नाही, याची काळजी घ्यावी.