मदत हवी आहे : डीएनएमधून विद्युतभार नेमका पुढे कसा सरकतो?

नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या सेमिनारसाठी हा विषय घेतलाय आणि एका जागी पुरती अडकलेय.

डीएनएच्या शिडीत बेसच्या (ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन या चार घटकांच्या) जोड्या साधारण ३.४ अँगस्ट्रॉम अंतरावर चकत्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांच्या पाय (π) इलेक्ट्रॉनांमधून, म्हणजे चकत्यांच्या वर-खाली पसरलेल्या इलेक्ट्रॉनांमधून, भार वाहू शकेल, असं एली आणि स्पायव्ही या संशोधकांनी १९६२ मध्येच सुचवलं होतं. चार बेसपैकी ग्वानिन इलेक्ट्रॉन सर्वांत सहज सोडतं, म्हणून धन 'होल' (इलेक्ट्रॉन गेल्याने उरलेली रिकामी जागा) तिथे बसतो. इथपर्यंत सगळं कळलं.

अडचण रसायनशास्त्रज्ञ गीझ यांच्या गटाच्या २००१ मधल्या प्रयोगात आहे. दोन ग्वानिन-स्थळांमध्ये ॲडेनिन-थायमिन (ए-टी) जोड्यांचा पूल ठेवला, तर तीन जोड्यांपर्यंत भार पोचण्याचं प्रमाण झपाट्याने घटतं. त्यापुढे पूल लांबवला तरी फारसा फरक पडत नाही! मी लॉग-आलेख काढला, तर उतरती रेघ मध्येच जवळजवळ आडवी होते. आधी टनेलिंग (मध्ये कुठेही न थांबता पूल थेट पार करणं), नंतर ॲडेनिनवरून ॲडेनिनवर उड्या, असं त्याचं स्पष्टीकरण आहे.

पण ॲडेनिनची ऊर्जापातळी होलसाठी वरची आहे ना? मग होल तिथे चढतो कसा? एवढ्यासाठी तापमानाची धडपड पुरते का, की शिडीच्या हलण्याचा आणि भोवतालच्या पाण्याचाही त्यात हात असतो? लांबीनुसार दोन्ही मार्गांचे वेग मांडणारं साधं समीकरण कुणी समजावून देईल का? गणित असलं तरी चालेल, पायरीपायरीने सांगा. हा विषय मला मनापासून आवडलाय, अर्धवट समजून वर्गासमोर उभं राहायचं नाहीये.