किट कशाला, पुळण आहे की!

पाच वर्षांच्या मुलीला घरीच शिकवताय, विज्ञानासाठी कुठलं किट घ्यावं म्हणता. अहो, रत्नागिरीत राहून किट? ओहोटीला भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर न्या. बोटाच्या पेराएवढे खेकडे वाळू तोंडात घालतात, खाण्याजोगं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडतात. बघू द्या तिला निवांत. लगेच नावं सांगत सुटू नका.

भरतीची वेळ कॅलेंडरवर लिहायला लावा. रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हे तिचं तिलाच कळेल. पुनवेचं उधाण, म्हणजे मोठी भरती, आणि अष्टमीचा भांग, म्हणजे छोटी भरती, हेही.

खाडीकाठी तिवराच्या, म्हणजे खारफुटीतल्या एका झाडाच्या, पानाला जीभ लावली की खारट लागतं. झाड जादा मीठ पानांतून बाहेर टाकतं. फक्त तिवर नीट ओळखणारं माणूस सोबत हवं. शेजारीच गेवा हे खारफुटीचंच दुसरं झाड असतं, त्याचा चीक डोळ्यांना वाईट.